कुलूप न लावलेली कोठी

८ सप्टेंबर २०१९, रविवार

आज कोठी अखेर चालू झाली. कोठी म्हणजे आमच्या घरचा सर्व्हर. आमच्या कारखान्याच्या लिलावातून आणलेला जुना डेस्कटॉप, त्यात दोन नव्या हार्डडिस्क आणि वर लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली. बैठकीच्या खोलीत शिवणमशीनशेजारी ठेवलाय. नलिनी म्हणाली, "आवाज पंख्याचा करतोय, वारा मात्र नाही." कोठी या नावालाही ती हसली. भोपाळात कोठी म्हटलं की लोकांना बंगला वाटतो, आणि आपण राहतो दोन खोल्यांच्या क्वार्टरात.

संध्याकाळी मंडळाच्या गणपतीत सुरेशने मला माइकसमोर उभं केलं. सुरेश मुजुमदार, आमच्या शेजारच्याच क्वार्टरात राहतो. खरेदी विभागात अधिकारी, मंडळाचा सेक्रेटरी, आणि इथे आलो तेव्हापासूनचा माझा मित्र. "अच्या, पाच मिनिटं बोल, पण लोकांना कळेल असं बोल," म्हणाला. मी वीस मिनिटं बोललो. आपण घरचे फोटो परक्या कंपनीच्या कपाटात ठेवतो आणि किल्लीही त्यांच्याचकडे देतो, हे उदाहरण लोकांना पटलं.

सुरेशची बायको सरोजवहिनी मागच्या रांगेतून म्हणाली, "भावजी, मग तुमच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार?"

मी म्हटलं, "ज्याची त्याच्याकडे. मलासुद्धा काही दिसणार नाही."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१५ सप्टेंबर, रविवार

गल्लीतल्या चार घरांनी फोनवर आपलं ॲप घेतलं. फोटो काढला की तो आपोआप कोठीत येतो. पानसेकाकांना पासवर्ड तीनदा करून दिला.

दुपारी सरोजवहिनी एकटीच आली. सुरेश मंडीदीपला कुठल्या तरी पुरवठादाराकडे गेला होता. नीट बसून एकेक गोष्ट विचारत होती.

"फोनमधून फोटो डिलीट केला तर तुमच्याकडे राहतो?"

"राहतो."

"पक्कं? आणि कुणी माझा फोन घेऊन पाहिलं तर हे ॲप दिसेल?"

मी तिला ॲप आतल्या फोल्डरमध्ये कसं सारायचं ते दाखवलं. मग तिने तारखेचं विचारलं. फोटो कधी आला त्याची नोंद राहते का, ती मागाहून बदलता येते का. मी सगळं समजावलं. बाकीच्यांनी फक्त "जागा किती मिळणार" एवढंच विचारलं होतं. इतका बारीक विचार करणारी माणसं विरळा. सुरेश तिला चारचौघांत "आमच्या उज्जैनच्या बाईसाहेब, डोकं महाकालाला वाहून आल्यात" म्हणतो, ते उगीच.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. नलिनीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. सकाळी तिला अभिमानाने सांगितलं की आता व्हायरस नाही, दर वेळी अपडेटच्या नावाखाली खोळंबा नाही. दुपारी तिने शाळेची प्रश्नपत्रिका उघडली तर सगळ्या वेलांट्या अक्षरांपासून सुटून शेजारी जाऊन बसलेल्या. प्रिंटर तर ओळखच दाखवेना. संध्याकाळपर्यंत फॉन्ट जमले, प्रिंटर नाही. ती पेन ड्राइव्ह घेऊन इंद्रपुरीच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. कोठीत एन्क्रिप्शन, म्हणजे खरं कुलूप, मी लावलेलंच नाही. लावून पाहिलं होतं. जुना प्रोसेसर धापा टाकायला लागला. नंतर करू म्हणून काढलं. म्हणजे मला ठरवलं तर कुणाचंही काहीही दिसू शकतं. पण बघायचंच नाही म्हटल्यावर कुलूप असलं काय, नसलं काय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून एक फाइल अडकली होती. मशीन तिची छोटी प्रत बनवायला जाई आणि बंद पडे. फाइल खराब आहे का हे बघायला उघडली. सरोजवहिनीच्या खात्यातली होती.

दंड होता. खांद्यापासून कोपरापर्यंत. त्यावर हिरवट काळा डाग, चार बोटं आणि अंगठा वेगळे दिसत होते.

मी फाइल बंद केली. चूक झाली तर तिथेच थांबायला हवं होतं. मी पुढची उघडली. मग तिच्या पुढची. बेडरूमच्या दाराची आतली कडी, स्क्रूसकट उपटलेली. दोन तुकडे झालेला चष्मा, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र, तारीख वर दिसेल असं ठेवलेलं. आरशातला कान आणि त्याखालची मान. सगळे फोटो सकाळी सुरेश ड्यूटीला गेल्यानंतरचे.

पडली असेल, असं आधी मनात आलं. कडी कशी पडेल?

आपण बघितलं, हे कुणाला सांगणार? मंडळात माइकवर काय बोललो होतो? आणि सुरेश! मला डेंग्यू झाला तेव्हा नलिनी माहेरी अडकली होती, हा माणूस हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून होता. माझ्या तोंडाला पेज लावली त्याने. त्याच हातांनी? दुसरं काही कारण असेल. नवराबायकोचं बाहेरून काही कळत नाही.

फाइल दुरुस्त झाली. मशीन व्यवस्थित चालतंय.

२७ ऑक्टोबर, रविवार, दिवाळी

मुजुमदारांकडे फराळाला गेलो. जायचं नव्हतं, पण न जाण्याचं कारण काय सांगणार होतो? सुरेश नेहमीसारखाच. दारातच मिठी मारली. वहिनीने चकल्या आणल्या तेव्हा म्हणाला, "खा रे, आमच्या घरात कडक एवढंच मिळतं." सगळे हसले. मीही हसलो. चकली छान झाल्याचं दोनदा सांगितलं. वहिनीने माझ्याकडे बघून "आणखी घ्या ना भावजी" म्हटलं, मी ताटलीकडे बघत राहिलो.

परत येताना नलिनी म्हणाली, "सणासुदीची सरोजच्या हातात एकही बांगडी नव्हती. आणि इतक्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज."

"कामात काढल्या असतील," मी म्हटलं.

३ नोव्हेंबर, रविवार

सुरेश चहाला आला. नलिनी भाजीला गेली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग हसतच म्हणाला, "अच्या, ते तुझं ॲप सरोजच्या फोनमध्ये आहे. लपवून ठेवलंय तिने. काय टाकते त्यात?"

"मला नाही दिसत रे. ज्याचं त्याला."

"चल! मशीन तुझं, आणि तुला दिसत नाही?"

मी शपथेवर सांगितलं की दिसत नाही. त्याला पटलेलं नव्हतं, पण तो हसला. कोठीवर हात ठेवून म्हणाला, "बिघडतात पण ना असली मशीनं? जुना माल आहे. बिघडलं तर कोण काय म्हणणार?"

जाताना खांद्यावर थाप मारून गेला. एरवी त्या थापेने बरं वाटतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कोठी बंद केली आहे. दुसऱ्या डिस्कची तपासणी बरेच दिवस राहिली होती. मागच्या महिन्यातल्या अडकलेल्या फाइलमुळे डिस्कच्या पृष्ठभागाची शंका येतेच. अशा वेळी मशीन चालू ठेवून तपासणं धोक्याचं असतं, हे कुणीही जाणकार सांगेल. शिवाय एन्क्रिप्शनही याच खेपेला करता येईल. त्यासाठी नवा प्रोसेसर बघावा लागेल, तो इथे मिळेल असं वाटत नाही, इंदूरहून मागवावा लागेल. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "देखभालीसाठी सेवा काही दिवस बंद."

सुरेशने त्यावर अंगठा टाकला.

डेटा जिथे आहे तिथे सुरक्षित आहे. मी कुणालाच काही दाखवलेलं नाही, कुणाचं काही पुसलेलंही नाही. मी कुणाचीच बाजू घेतलेली नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सर्दीमुळे घरी होतो. अकराच्या सुमाराला सरोजवहिनी आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "भावजी, कधी चालू होईल?"

"पार्ट यायचाय."

"मला फक्त माझे फोटो पाहिजेत. एक तास चालू केलं तरी होईल. माझ्या फोनमध्ये काहीच ठेवलेलं नाही मी. तुम्ही सांगितलं होतं ना, की राहतात म्हणून?"

"राहतात, राहतात. फक्त आत्ता काढता येत नाहीत."

"कशाला पाहिजेत" असं मी विचारलं नाही. त्यामुळे ती थांबली असावी. मी विचारेन अशी वाट बघत ती क्षणभर उभी होती, असं आता वाटतंय. तेव्हा मी रुमालात नाक शिंकरत होतो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझी ताई येणार होती शनिवारी, तिला दाखवायचे होते. सांगते तिला, नको येऊ."

कोठीचं बटण माझ्या पायाशी होतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, मुजुमदारची मिसेस बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं, टाउनशिपच्या हॉस्पिटलात आहे. सुरेश समोरच बसला होता. "हजारदा सांगितलं, फरशी ओली ठेवू नको," म्हणाला. लोक हळहळले. कुणी त्याला रजा घे म्हणालं.

मी ताट तसंच खिडकीवर नेऊन ठेवलं.

नलिनी शाळेतून परस्पर हॉस्पिटलात गेली. घरी आली ती चप्पल न काढता सरळ कोठीसमोर आली.

"हे खरंच बिघडलंय?"

"डिस्कची तपासणी..."

तिने वाकून बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, नेहमीची एक बारीक शिटी वाजली. आम्ही दोघं ती ऐकत उभे होतो.

"चालतंय की," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो.

"अहो, ती मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, सगळं अच्युतभावजींकडे आहे, पण त्यांचं मशीन बंद पडलंय बिचाऱ्यांचं. बिचाऱ्यांचं म्हणाली ती. तुम्ही पाहिलंय का त्यात काय आहे?"

मी मान हलवली.

"होय की नाही? तोंडाने सांगा."

"होय."

"कधी?"

सांगितलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ओरडेल. ती चप्पल काढून आत गेली आणि तिने भात लावला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी तसाच बसून होतो. बाजू घेतलेली नाही, असं मी याच फाइलीत लिहिलंय. पुसावंसं वाटलं. नाही पुसलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सरोजवहिनी हॉस्पिटलातून परस्पर करोंदला बहिणीकडे गेली. नलिनीनेच पोचवलं, रिक्षाने. सुरेश सकाळी आमच्या दारात उभा राहिला. आज मिठी नव्हती.

"तुझ्या बायकोने माझं घर मोडलं, अच्या. आणि तू?"

"मी काही केलं नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तो म्हणाला, "मग आताही करू नकोस. तुझं मशीन जळून गेलं म्हण. एवढं तरी करशील माझ्यासाठी?"

आतून नलिनी बाहेर आली तसा तो निघून गेला.

दुपारी वहिनी आणि तिची मोठी बहीण सुमित्राताई आल्या. वहिनीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. सुमित्राताईंनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "सगळे यात टाका. आम्ही इथेच बसतो."

मी कॉपी लावली. पडद्यावर नावं सरकत होती, फोटो नाही, तरी मी मान दुसरीकडे वळवली. सुमित्राताई म्हणाल्या, "आता कशाला तोंड फिरवता?"

वहिनीने त्यांना हाताने थांबवलं. मला म्हणाली, "भावजी, तुम्ही म्हणाला होता तुम्हालासुद्धा दिसत नाही."

"खोटं बोललो होतो. म्हणजे तेव्हा बघणार नाही असंच ठरवलं होतं. पण कुलूप नव्हतं."

"मला फोटो पाहिल्याचं काही नाही," ती म्हणाली. "रोज एक फोटो टाकताना वाटायचं, चुकून कुणी पाहिलं तर बरं होईल."

पेन ड्राइव्ह तिने नलिनीच्या हातात दिला. मी तिच्या जास्त जवळ उभा होतो.

५ डिसेंबर, गुरुवार

महिला थान्यात, म्हणजे बायकांच्या पोलीस ठाण्यात, गेलो. वहिनीच्या तक्रारीवर सुरेशने लिहून दिलंय की फोटो अलीकडे बहिणीच्या सांगण्यावरून एकाच दिवशी काढलेले आहेत, बनाव आहे. फोनमधले मूळ फोटो नाहीत. कुठला फोटो कोणत्या दिवशी आला याची नोंद फक्त कोठीत आहे. ती छापून नेली. काल नलिनीने विचारलं होतं, "जाणार ना?" मी हो म्हटलं, पण रात्रभर सुरेशने भरवलेली पेज आठवत होती. सकाळी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पेज खरी आहे. मनगटही खरं आहे. दोन्ही घेऊन जा."

समोरच्या अधिकारी बाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. कागद एकेक करून पाहिले. बाजूच्या बाकावर वहिनी आणि सुमित्राताई.

"ये रिकॉर्ड कोई बदल सकता है?"

"मैं बदल सकता हूँ। मैंने बदला नहीं।"

"आपने फोटो खुद देखे?"

"जी।"

"पहली बार कब?"

"उन्नीस अक्तूबर को।"

बाकावरून वहिनीने मान वर केली. पाहिले होते एवढं तिला माहीत होतं, कधी ते नलिनीने सांगितलेलं नसावं. तिने मराठीत विचारलं, अगदी हळू, "म्हणजे फराळाला आलात तेव्हा?"

"हो."

अधिकारी बाईंनी दोघांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "पड़ोसी थे। आपने इनसे कुछ पूछा?"

"नहीं।"

"किसी को बताया?"

"नहीं।"

"मशीन ख़राब थी?"

"नहीं। मैंने बंद की थी।"

"क्यों?"

या प्रश्नाचं उत्तर मी रस्ताभर तयार केलं होतं. डिस्क, तपासणी, प्रोसेसर. जिभेवर आलं ते एवढंच, "ताकि मुझे कुछ करना न पड़े।"

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या आवाजात ते वाक्य ऐकताना कान गरम झाले. मी सही केली.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी माझ्यापाशी थांबली. काही तरी बोलेल असं वाटलं. शिवी दिली असती तर घेतली असती. ती म्हणाली, "तारखा बरोबर सांगितल्यात," आणि बहिणीबरोबर निघून गेली.

१५ डिसेंबर, रविवार

कँटीनमध्ये माझ्या टेबलावर आता कुणी बसत नाही. काहींना वाटतं मी मित्राला बुडवलं, काहींना वाटतं मी लोकांचे फोटो चोरून बघतो. पहिल्यांना उत्तर देता येतं. पानसेकाकांनी आपलं खातं बंद करायला लावलं, उभं राहून बघितलं, आणि चहा न घेता गेले. उरलेली घरंही एकेक करून गेली. मंडळाने सुरेशला सेक्रेटरीपदावरून अजून काढलेलं नाही. केस चालू आहे, म्हणतात.

मला कोठी मोडून टाकायची होती. नलिनी म्हणाली, "मोडायची नाही. आधी मला शिकवा." आठवडाभर ती शाळेतून आल्यावर बसतेय. कमांड लिहिताना जीभ दातांत धरते. वहिनीचे फोटो आणि नोंदी असलेली डिस्क पोलिसांकडे जमा आहे; उरलेली काल तिने स्वतः पुसली आणि खरं कुलूप लावून घेतलं. मशीन हळू झालंय, पण चालतंय. पासवर्ड टाकताना मला म्हणाली, "तिकडे तोंड करा." मी केलं. आता मला खरोखरच काही दिसत नाही.

आज दुपारी बेल वाजली. दारात शोभा, मागच्या गल्लीत राहणारी, नवरा वेल्डिंग शॉपमध्ये आहे. माझी तिची फक्त तोंडओळख. फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मला बघून एक पायरी मागे सरली.

"ताई आहेत?"

"आहेत. या ना."

ती आत येईना. नलिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. शोभा तिला हळूच म्हणाली, "ते फोटो ठेवायचं... सरोजताईंनी सांगितलं मला." मग माझ्याकडे एकदा पाहिलं.

नलिनीने मला काही सांगितलं नाही. मी चष्मा आणि पिशवी उचलली, कसली पिशवी कोण जाणे, आणायचं काहीच नव्हतं. चपला घातल्या. शोभा आत जावी म्हणून अंग चोरून दारातून बाहेर झालो, आणि दार माझ्यामागे ओढून घेतलं.